स्वतःच्या जागेत गाडी लावल्याचे पैसे कसे भरावेत

इंग्लंडात फ्लॅट घेतलात, त्यासोबत लीजमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात, नंबर घालून दिलेली पार्किंगची जागाही मिळाली. अभिनंदन! आता एखाद्या सकाळी काचेवर पिवळं प्लॅस्टिकचं पाकीट चिकटलेलं दिसलं तर गांगरून जाऊ नका. आत लिहिलेलं असेल : पार्किंगचा परवाना दिसत नव्हता, १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. परवाना गाडीतच होता, डॅशबोर्डवरच्या गणपतीमागे घसरला होता, एवढंच. पण ४० पौंडांची सूट सोडणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. भरून मोकळे व्हा.

पाकीट कौन्सिलचं की खासगी कंपनीचं, हे बघत बसू नका. ते सरकारी दिसावं म्हणून बिचाऱ्यांनी मेहनत घेतलेली असते. खासगी कंपनीला सरकारी दंड करता येत नाही. ती फक्त करार मोडल्याचे पैसे मागते, आणि करार म्हणजे दिव्याच्या खांबावर दहा फुटांवर लावलेली बारीक अक्षरांची पाटी. कुणी २०१५ चा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडावर फेकेल. चेम्सफर्डच्या शॉपिंग सेंटरमधला ८५ पौंडांचा चार्ज त्यात कायम झाला, हे खरं. तिथे जागा दुसऱ्याची होती आणि पहिले दोन तास फुकट होते. तुमची जागा तुमच्याच लीजमध्ये आहे, हा किरकोळ फरक मनात आणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लीज वाचू नका. घर घेताना सॉलिसिटरने पाठवलेली ती पीडीएफ ईमेलच्या तळाशी सुखात पडून आहे, तिला उठवू नका. उघडलीत तर जागा वापरण्याचा हक्क लिहिलेला सापडायचा आणि परवान्याचं, चार्जचं नावही सापडायचं नाही. मग विचार येणार की मुळात जे माझं आहे ते ही पाटी मला पुन्हा कसं देऊ करते? असल्या विचारांनी झोप उडते. (काही लीजमध्ये ‘मालक वेळोवेळी नियम करील’ असं कलम असतं आणि मग तुमची बाजू खरोखर लंगडी पडते. पण तेही वाचल्यावरच कळणार ना!)

पार्किंग कंपनी आणली मॅनेजिंग एजंटने, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्याने, रहिवाशांच्या सोयीसाठी. बऱ्याच ठिकाणी ती एजंटकडून एक पेनीही घेत नाही. मग तिचं पोट कशावर भरतं, असले आगाऊ प्रश्न मीटिंगमध्ये विचारायचे नसतात. परवान्याची अट रीतसर लीजमध्येच घालायची म्हटलं, तर १९८७ च्या कायद्यानुसार, आठांहून जास्त लीज एकदम बदलून घ्यायला ट्रायब्युनलसमोर ७५ टक्के संमती लागते आणि विरोध १० टक्क्यांच्या वर चालत नाही. त्यापेक्षा चार स्क्रू आणि एक पाटी किती सुटसुटीत!

ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातल्या एका बाईंनी मात्र हे सगळं नासवलं. फ्लॅटमध्ये अवजड सामान चढवायला त्यांनी दाराशी गाडी थांबवली, खाली येतात तो तिकीट. भरायचं सोडून बाई भांडल्या, हरल्या आणि अपिलात गेल्या. २०१६ मध्ये न्यायाधीश म्हणाले, दूधवाला बाटल्या द्यायला, पोस्टमन पत्रं टाकायला किंवा दुकानदार वाइनची पेटी पोचवायला थांबला तर त्याला कुणी पार्किंग म्हणत नाही, मग सामान उतरवणाऱ्या बाईंनाच का म्हणायचं? वर लीजने दिलेला हक्क पार्किंग कंपनीला परस्पर काढून घेता येत नाही, हेही सुनावलं. काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो, एवढाच दिलासा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख चुकूनही करू नका.

पत्र लिहायचंच असेल तर मनापासून लिहा. ‘मी रात्री साडेनऊला गाडी लावली, परवाना घसरला, क्षमस्व.’ तुमचा पत्ता डीव्हीएलएने, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कंपनीला अडीच पौंडांत दिलेला असतो, पण तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा. २०१२ च्या कायद्याप्रमाणे त्या नाववाल्याकडून वसुली करायची तर नोटिशीची मुदत आणि मजकूर दोन्ही काटेकोर पाळावे लागतात. तिथे चुकलं तर उरतो फक्त चालक, आणि चालक कोण हे कंपनीला माहीत नसतं. तुम्ही पहिल्याच ओळीत सांगून टाकलंत, मोठं मन लागतं त्याला.

दुसरा मार्ग ‘फेका कचऱ्यात’ वाल्यांचा. हे लोक वसुलीवाल्यांच्या लाल अक्षरांतल्या, १७० पौंडांच्या पत्रांना भीक घालत नाहीत. वसुलीवाल्यांना घरात पाऊल टाकायचा अधिकार नसतो, हे या लोकांना ठाऊक असतं. मग त्याच सवयीने कोर्टाचा खरा लिफाफाही केराच्या टोपलीत जातो. बचाव न आल्याने निकाल एकतर्फी लागतो आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं क्रेडिटच्या नोंदीत बसतो. मॉर्गेजच्या वेळी बँक तो आठवणीने काढते.

राहिला कोर्टाचा रस्ता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला बाळकडूतच मिळालंय. हे स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं, वकील लागत नाही आणि हरलात तरी समोरच्या वकिलाची पूर्ण फी सहसा अंगावर येत नाही, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागलात तर लीजचं ते एक पान हातात धरून विचारावं लागेल, ‘माझ्या जागेचा करार माझ्याशी करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?’ समोरच्या वकिलाला किती अवघडल्यासारखं होईल! बरं, तो बिचारा सकाळच्या ट्रेनने एवढ्या लांबून आलेला असणार.