एक्क्याण्णव मण्यांची माळ

काल रविवारी एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. बेळगावातच. कुठं ते सांगत नाही, आयोजक भली माणसं आहेत, चहाबरोबर कुंदासुद्धा दिला. पण काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं, नेहमीप्रमाणे.

विषय होता ‘मार्टिन ल्यूथर किंग यांचे राजकीय विचार’. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी अहिंसेनं लढलेले ते किंग. बहुतेक मुलं त्यांच्या ‘माझं एक स्वप्न आहे’ या गाजलेल्या भाषणावर सुरू झाली आणि तिथंच संपली. मग खानापूरकडची एक नववीतली मुलगी उठली आणि तिनं थेट स्वयंपाकघरातून सुरुवात केली.

२७ जानेवारी १९५६ची रात्र. अलाबामातलं मॉन्टगोमेरी. बसमध्ये गोऱ्यांसाठी सीट सोडायला लावतात म्हणून काळ्यांनी बसवर बहिष्कार घालून जवळजवळ दोन महिने झालेले. फोन येतो, गाव सोड, नाहीतर घर उडवू. किंग तेव्हा सत्तावीस वर्षांचे, चर्चमध्ये पाद्री, घरात दोन महिन्यांची मुलगी. झोप लागत नाही म्हणून ते उठून कॉफी करतात, आणि ती पीतच नाहीत. कप तसाच समोर. भित्रा न दिसता यातून अंग कसं काढून घ्यावं, एवढाच विचार डोक्यात. शेवटी टेबलावर वाकून मोठ्यानं देवाला सांगतात की माझ्यात आता काही उरलं नाही. आणि आतून आवाज येतो, न्यायासाठी उभा राहा, सत्यासाठी उभा राहा, मी आहे तुझ्याबरोबर.

हे सांगताना त्या पोरीनं दोन्ही हात असे धरले होते, की कप खरंच गरम असावा.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिचे चार मार्क कापले. निवृत्त गृहस्थ, वाचलेले, वयानं मोठे. मी विचारलं, का ओ सर? म्हणाले, “विषयांतर. राजकीय विचार विचारले होते, देवधर्म कशाला?”

विषयांतर!

मी तिथं काही बोलले नाही. हाच राग जास्त आहे, माझा माझ्यावरच. घरी येताना गोगटे सर्कलपर्यंत मनातल्या मनात भांडत आले. आणि तिथं आण्णा आठवले.

माझे आण्णा निपाणीजवळच्या खेड्यातले तंबाखूचे शेतकरी. माळकरी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत हायवेवर बसले, त्यात तेही होते. मी दहा वर्षांची. आई भाकरी बांधून द्यायची आणि कुणी जाणारा असला की त्याच्याबरोबर पाठवायची. आण्णा आणि गावचे दहा-पंधरा जण संध्याकाळी तिथंच डांबरावर हरिपाठ म्हणायचे. ६ एप्रिलला तिथं गोळीबार झाला, शेतकरी मेले, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. आण्णा रात्री उशिरा घरी आले. धोतराच्या सोग्याला गाठ मारलेली. आईनं ती उंबऱ्यावर सोडली तर आत तुळशीचे मणी. पळापळीत माळ तुटली होती आणि या माणसानं तसल्या गोंधळात वाकून मणी वेचले होते. आईनं कंदिलाजवळ बसून मोजले. १०८ पाहिजेत. ९१ निघाले.

मला अजून ते बोट दिसतं, मणी एकेक करून परातीत सरकवणारं.

तर सर, (तुम्ही फेसबुकवर नाही, तरी) हे देवधर्म वेगळे काढून किंग समजतात कसे, ते मला सांगा. आजोबा पाद्री, वडील पाद्री, स्वतः पाद्री. डॉक्टरेटसुद्धा धर्मशास्त्रातली. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय हे त्यांच्या घरात बाराखडीआधी शिकवलेलं. मग ज्या माणसात देव आहे त्याला बसमधल्या सीटवरून उठवणं हा निव्वळ महापालिकेच्या नियमाचा प्रश्न राहत नाही, ते पाप होतं. यातून राजकारण निघतं. आधी राजकारण ठरलं आणि वरून बायबलची वचनं शिंपडली, असं नाही ते.

१९६३चं अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं किंगचं पत्र घ्या. आधी जाहीर निवेदन काढणारे होते आठ गोरे धर्मगुरू, म्हणजे त्यांच्याच व्यवसायातले. म्हणाले, हे आंदोलन अवेळी आहे, जरा थांबा, कोर्टात जा. किंगनी तुरुंगात वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहायला सुरुवात केली. त्यात कायदा मोडायचा अधिकार कुठून आणला? संत ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताकडून. अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे. मग थॉमस अक्वायनस या दुसऱ्या ख्रिस्ती विचारवंताकडून. कायद्याला मोजायचं माप कायद्याच्या बाहेर, वर कुठंतरी असतं, हे ज्याला मान्य नाही त्याला ते पत्र नुसतं छान इंग्रजी वाटणार. हे राजकीय विचार नाहीत, तर मग राजकीय विचार म्हणजे काय असतं? निवडणुकीचा जाहीरनामा?

बरं, गांधी. होय की, गांधींकडून घेतलं त्यांनी. पण ते स्वतःच सांगायचे की प्रेरणा ख्रिस्ताची, पद्धत गांधींची. आणि गांधींना तरी धर्म सोडून कुठं बघणार आहात? १९२४चं काँग्रेस अधिवेशन आमच्या टिळकवाडीत झालं, गांधी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं, हे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्या माणसाची संध्याकाळची प्रार्थना मात्र आम्हाला विषयांतर.

इथं तुमच्यातले दोघं-तिघं बाबासाहेबांचं नाव काढणार, माहीत आहे मला. काढा. त्यांनी येवल्याला १९३५ साली सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पण मग वीस वर्षं शोधून, पारखून, १४ ऑक्टोबर १९५६ला धम्म घेतलाच की. निधर्मी राहणं जास्त सोपं होतं. आणि १९५४ साली आकाशवाणीवरून त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा तिकडं मॉन्टगोमेरीत लोक अजून चालतच कामाला जात होते. एकच वर्ष. मला हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, तुमचं तुम्ही बघा.

एक मान्य करते, इच्छा नसताना. गुलामांचे मालकही तेच बायबल वाचायचे. त्या आठ धर्मगुरूंतले बहुतेकही रविवारी तीच प्रार्थना म्हणायचे. आमच्याकडं चोखोबाला देवळाबाहेर ठेवणारे काय नास्तिक होते? १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपाशी बसावं लागलं ते विठ्ठलाच्याच दारात. त्यामुळं श्रद्धा म्हटली की माणूस चांगलाच, असं मी म्हणत नाही. आजकाल देवाच्या नावानं जे चाललंय ते बघून सरांना धसका बसला असेल, तर तेही समजतं. पण त्याची शिक्षा नववीतल्या पोरीला?

परत त्या फोनकडं येते. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, (हो, तीच ३० जानेवारी, गांधींना जाऊन आठ वर्षं) किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. बायको आणि तान्ही मुलगी आत. दोघी वाचल्या. घरी आले तर अंगणात चिडलेला जमाव, काहींच्या हातात हत्यारं. एक शब्द पुरे होता. आणि हा माणूस फुटलेल्या ओसरीवर उभा राहून सांगतो, हत्यारं ठेवा, घरी जा, शत्रूवरही प्रेम करायचंय आपल्याला. हे धोरण म्हणून सुचत नाही हो कुणाला. घरावर बॉम्ब पडल्यावर तर नाहीच. ती तीन दिवसांपूर्वीची न प्यालेली कॉफी होती.

आण्णांच्या हातातही त्या दिवशी कुणीतरी दगड दिला होता. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर, परसात बसून. मी विचारलं, मग? म्हणाले, “ठिवला खाली. गळ्यात माळ हाय, त्या हातानं दगूड कसा फेकायचा गं?” मी म्हटलं, माळ तर तुटली होती. तर म्हणाले, “म्हणूनच मणी येचले की.”

ज्यांनी दगड मारले त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यासमोर माणसं पडली होती. आण्णांनीही कधी ठेवली नाहीत.

आणि शेवट तरी काय होता किंग यांचा? मेम्फिसच्या सफाई कामगारांचा संप. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले आणि तेराशे जण काम सोडून बसले. ३ एप्रिल १९६८च्या रात्री किंग त्यांना कोणती गोष्ट सांगतात? येशूची. जेरुसलेमहून जेरिकोला जाणाऱ्या रस्त्यावर पडलेला जखमी माणूस. धर्मगुरू बघून पुढं जातो, परका म्हणून हलका मानलेला शोमरोनी थांबतो. थांबलो तर माझं काय होईल हा एकाचा प्रश्न, नाही थांबलो तर त्याचं काय होईल हा दुसऱ्याचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना गोळी घातली. काढा यातून देवधर्म आणि उरेल ते भाषण करून दाखवा मला. पाच मिनिटांत.

कमेंटमध्ये सीमाप्रश्न आणू नका. १ नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, आणू, तेव्हा मीच आणते.

असो. राग उतरला थोडा. सर वाईट नाहीत. निघताना माझी पिशवी त्यांनीच रिक्षात ठेवली.

ती मुलगी दुसरी आली. मी तिला वीसपैकी एकोणीस दिले होते, एक कापला कारण वेळेपेक्षा पाऊण मिनिट जास्त बोलली. नियम तो नियम. बक्षीस घेऊन बाहेर आली आणि तिनं मला गाठलं. “मॅडम, कॉफीचं सांगायला नको होतं काय?”

मी म्हटलं, तेच सांगायचं. पुढच्या वेळी आधी घड्याळ लावून म्हणून बघ.

तिची खानापूरची बस लागली होती, पळाली. आण्णांची माळ माझ्याकडं देव्हाऱ्याच्या खणात आहे, कुंकवाच्या डबीशेजारी. त्यांनी ती शेवटपर्यंत ९१ मण्यांचीच घातली, नवी आणून दिली तरी बदलली नाही. आज सकाळी काढून परत मोजली.