टेक्नो बर्लिनच्या तिजोरीत जन्मलेला नाही

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून एकच मजकूर फिरतोय. आधी गल्लीच्या ग्रुपवर आला, मग पाहुण्यारावळ्यांच्या, आणि काल आमच्या शिफ्टच्या ग्रुपवरही. थोडक्यात तो असा: ‘टेक्नो हे संगीत बर्लिनच्या ट्रेझर नावाच्या नाईटक्लबात, एका बँकेच्या तिजोरीत जन्मलं. गोऱ्यांनी ते नशेसाठी काढलं. त्यात वाजवणारा कुणी नसतो, सगळं यंत्रच करतं. तेच आता डीजे होऊन आपल्या मिरवणुकीत घुसलं आणि हलगी-संबळाच्या पोटावर पाय देतंय.’

हलगीची काळजी मलाही आहे. पण दोष भलत्याच्याच माथी मारला, तर हलगीवाल्याच्या पदरात काय पडणार?

आधी जन्माचं बघू. टेक्नो म्हणजे यंत्रांवर बांधलेलं, एकसारख्या ठोक्यांचं नाचाचं संगीत. तो जन्मला अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये, १९८०च्या दशकात. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे बेलव्हिल या जवळच्या गावातल्या शाळेतले तीन मित्र, सुरुवात त्यांनी केली. तिघेही कृष्णवर्णीय. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. आपल्याला समजेल असं सांगायचं तर अमेरिकेचं वाळूज औद्योगिक क्षेत्र, फक्त कैक पटींनी मोठं. १९५० साली तिथे साडेअठरा लाख माणसं होती, १९९० पर्यंत जेमतेम सव्वादहा लाख उरली. कारखाने बंद पडत गेले, ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. मागे राहिलेल्या शहरातल्या लेकरांनी हे संगीत बांधलं.

मी वाळूजला पॉवर प्रेसवर काम करतो. पत्रा डायमध्ये बसवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, ठोका पडतो, पीस निघतो, पुन्हा पत्रा. आठ तास. मामेभावाने पहिल्यांदा कानात इअरफोन घातले आणि टेक्नो ऐकवला, तेव्हा ‘हे आपल्यातल्याच कुणीतरी केलेलं आहे’ असं मला वाटलं होतं. त्या पोरांना ‘गोरे’ म्हणून त्यांचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं मला सहन होत नाही.

नावाचा पुरावाही आहे. १९८८ मध्ये इंग्लंडात या पोरांच्या रचनांचा संग्रह निघाला, त्याच्या शीर्षकातच ‘टेक्नो’ आणि ‘डेट्रॉईट’ हे दोन्ही शब्द आहेत. ट्रेझर उघडला मार्च १९९१ मध्ये. तीन वर्षं आधी बारसं झालेलं लेकरू नंतर जन्मेल कसं? आणि ट्रेझरने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा तिची पहिली तबकडीसुद्धा डेट्रॉईटच्याच अंडरग्राउंड रेझिस्टन्स या मंडळींची होती. जर्मनीचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन चमूचं संगीत डेट्रॉईटच्या पोरांनी मनापासून ऐकलं होतं. पण तो चमू ड्युसेलडॉर्फचा, बर्लिनचा नव्हे.

तिजोरीची गोष्ट खरी आहे, बँकेची नाही. ती वेर्टहाइम या प्रचंड मोठ्या दुकानाची तळघरातली तिजोरी. मालक ज्यू कुटुंब, नाझींच्या काळात त्यांच्या हातून ते गेलं. महायुद्धात इमारत बॉम्बने उद्ध्वस्त झाली, नंतर उरलेलीही पाडली. जमिनीखालची तिजोरी तेवढी राहिली, शहराचे पूर्व-पश्चिम तुकडे करणाऱ्या भिंतीलगतच्या ओसाड पट्ट्यात. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, त्यानंतर ट्रेझर काढणारा दिमित्री हेगेमान आणि त्याचे सोबती तिथे उतरले, तेव्हा गंजलेले पोलादी दरवाजे आणि लॉकरच्या रांगा जशाच्या तशा होत्या. त्याच खोलीत पूर्व आणि पश्चिमेकडची पोरं एकत्र नाचली. २००५ मध्ये ती जागा बांधकामासाठी गेली, २००७ मध्ये क्लब जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत पुन्हा सुरू झाला. एवढा इतिहास असलेल्या जागेला ‘नशेचा अड्डा’ म्हणून मोकळं होता येत नाही.

नशेबद्दल स्पष्टच बोलतो. युरोपातल्या क्लबांत अमली पदार्थ होते, आहेत, आणि त्यांनी माणसं बरबाद केली. पण ‘नशेसाठी काढलं’ हे खोटं आहे. डेट्रॉईटमध्ये १९८८ साली म्युझिक इन्स्टिट्यूट नावाचा क्लब सुरू झाला, हे संगीत जिथे रात्रभर वाजायचं. तिथे दारू मिळतच नव्हती.

यंत्राचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा. रोलंड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे ताल-यंत्र १९८० मध्ये आलं. त्याच्या पुढच्या बाजूला सोळा बटणं ओळीने असतात, प्रत्येक बटण म्हणजे तालाचं एक घर. कोणत्या घरात ठोका ठेवायचा, कोणतं घर मोकळं सोडायचं, हे माणूस ठरवतो. हलगीवाला मिरवणुकीआधी पाचोळा पेटवून त्यावर हलगी शेकतो. कातडं ताणलं जातं, तो टिपरूने एकदा मारून कान देतो, पुन्हा शेकतो. मनासारखा कडक आवाज निघेपर्यंत त्याचं हे चालूच राहतं. त्या कानाचं काम यंत्रावरही करावंच लागतं. आणि १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसृष्टीतल्या वादकाने ह्याच ८०८ च्या आणि त्याच कंपनीच्या टीबी-३०३ या बेसच्या यंत्राच्या साथीने आपले राग वाजवून तबकडी काढली होती. बर्लिनचा ट्रेझर तेव्हा नऊ वर्षं लांब होता.

राहिला मिरवणुकीतला डीजे. तो टेक्नो नाहीच. ट्रकवर बेसची भिंत उभी करून त्यावर सिनेमाची गाणी आणि लोकगीतांची रिमिक्स वाजतात. ट्रेझरचा आवाज जमिनीखाली, जाड भिंतींच्या आत होता. आपला दवाखान्याच्या दारात असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ह्या नियमांबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही. आणि हलगीचा ताफा सोडून डीजेला सुपारी कुणी दिली? बर्लिनने नाही, आपल्याच मंडळांनी दिली, माझ्या मंडळानेही. पुढच्या बैठकीत हलगीच्या ताफ्याचा विषय मी मांडणार आहे, आणि वर्गणीतला माझा वाटा त्याच खात्यात लिहायला सांगणार आहे.