आयजीची माती, बायजीची भट्टी

मातीकामाच्या सामुदायिक वर्गात म्हणे सर्जनशीलता वाटून घेतात. सर्जनशीलतेचं माहीत नाही, पण बादली नक्की वाटून घेतात. चाकावर बसकण मारलेले कप, तासलेल्या पट्ट्या, मनातून उतरलेल्या फुलदाण्या, सगळ्यांची रवानगी त्या एका बादलीत होते. नियम साधा आहे: ओला गोळा बादलीत टाकायचा नाही. त्याचे तुकडे करून कडकडीत वाळवायचे आणि मग भिजवायचे. वाळलेली माती बुडबुडे सोडत तास-दोन तासांत विरघळते. ओलसर गोळा आठवडाभर पाण्यात राहिला तरी आतून घट्टच. तरीही सगळे ओलाच टाकतात, कारण बादली सगळ्यांची! मळायची पाळी आली की मात्र ती एकट्या माझी होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, त्यातली आयजी कोपरापर्यंत चिखलात असते, एवढंच म्हणीत सांगायचं राहिलंय.

त्यातून मातीत काय काय सापडतं! स्पंजाचे तुकडे, टोचणी, प्लास्टरचे कपचे. प्लास्टर सर्वात वाईट. भाजल्यावर तो कण हवेतली ओल पितो, फुगतो आणि महिन्याभराने कपाच्या अंगावरून टवका उडवतो.

मळायला बसलं की सल्लागार जमतात. माती कणकेसारखी घडी घालून मळली तर हवा आत कोंडते. ती पुढे ढकलत, दाबत मळायची असते. हे मळणारा सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. कपाला 400 ग्रॅमचा गोळा पुरतो. तो चाकाच्या मध्यावर आणायला मनगटाचा जोर कामाचा नाही. कोपर मांडीवर रोवायचं आणि हात हलू द्यायचा नाही. तेवढ्यात डावीकडून “पाणी कमी घ्या” येतं आणि उजवीकडून “पाणी घ्या की जरा”. दोघांचंही ऐकलं की गोळा भिंतीवर. तळ बोटांनी नीट दाबायला मात्र कोणी सांगत नाही. तो दाबला नाही की वाळताना तळाला इंग्रजी एसच्या आकाराची चीर पडते, आणि मग सल्लागार म्हणतात, “मला वाटलंच होतं.”

हे सगळं परवडलं, पण भट्टी नको. भट्टी एकच आणि नशीबही एकच. कोणीतरी हौसेने भरीव हत्ती करतो. हत्ती खालून पोखरायचा असतो, भिंत बोटभर जाडीची ठेवायची आणि वाफेला भोक ठेवायचं. पण पोखरला तर हत्तीच्या भावना दुखावतील, अशी कर्त्याची समजूत. बाहेरून तो ठणठणीत वाळलेला दिसतो, पोटात ओल. शंभर अंशांपुढे त्या ओलीची वाफ होते आणि हत्तीचा बॉम्ब. हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटला, ही वर्गातली लाडकी अंधश्रद्धा. फोडते ती वाफ. हत्तीचा कर्ता हळहळतो. त्याच्या सोंडेचे तुकडे शेजारच्या सहा वाट्यांतून वेचणारे आम्ही काय करावं?

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. आमच्याकडे भांडं गालाला लावून पाहतात. गार लागलं तर आत पाणी आहे, भट्टीत नाही जायचं. हत्ती गालाला लावल्यावर कर्त्याचा चेहरा नामदेवांसारखाच होतो.

पहिल्या भाजणीतून, साधारण हजार अंशांतून, जे वाचतं त्याला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. तळ आणि त्यावरची तीन मिलीमीटरची पट्टी पुसून कोरी ठेवायची. “तळालाही रंग हवा, छान दिसेल” म्हणणाऱ्याचं भांडं भट्टीतल्या फळीला असं चिकटतं की छिन्नीने काढावं लागतं. फळी वर्गाची, छिन्नी आयजीच्या हातात. शिवाय पहिल्या ओल्या मापापासून शेवटच्या भाजणीपर्यंत स्टोनवेअर, म्हणजे भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती, दहा-बारा टक्के आटतं. बरणीला मापून केलेलं झाकण बरणीपासून वेगळं वाळवलं-भाजलं की आपापल्या मर्जीने आटतं. मग त्याला पेपरवेट म्हणायचं.

राहता राहिली नावं. पेनाने लिहिलेलं नाव भट्टीत जळून जातं. भांडं चामड्याइतकं घट्ट असतानाच तळाला टोचणीने कोरायचं. कोणी कोरत नाही. म्हणून भट्टी उघडली की सुबक वाटीला तीन धनी निघतात, आणि वाकडीकडे बोट दाखवून विचारलं, तर सगळे माझ्याकडे बघतात.