कोगनोळीच्या अलीकडचं पेट्रोल, पलीकडचं पेट्रोल

बेळगाव जिल्ह्यात पेट्रोलच्या भावावरून वाद सुरू झाला की तो पेट्रोलवर थांबत नाही. निपाणीचं कुणीतरी दोन रकान्यांचा आलेख मोबाइलवर पाठवतं. एका रकान्यावर कर्नाटकाचा विक्रीकर २९.८४ टक्के, दुसऱ्यावर महाराष्ट्राचा व्हॅट २५ टक्के, आणि खाली ओळ की बघा, आपल्याला कसं लुटताहेत. त्याला उत्तर म्हणून कोगनोळी नाक्यापलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलकडच्या एखाद्या पंपाच्या भावफलकाचा फोटो येतो: 'तिकडं जायचंय म्हणता, तिकडं तर महागच आहे की!' मग १९५६ ची राज्य पुनर्रचना निघते, महाजन आयोग निघतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमावादाचा दावा निघतो. पेट्रोल बाजूलाच राहतं.

मी सीमाभागातला मराठी माणूस आहे आणि आमच्या भाषेच्या हक्काचा प्रश्न मला खरा वाटतो. म्हणूनच तो असल्या आलेखांवर उभा केलेला बघवत नाही. गंमत म्हणून नव्हे, अगदी गांभीर्याने सांगतो, वरचे दोन्ही पुरावे एकाच वेळी खरे आहेत. महाराष्ट्रात २५ टक्क्यांच्या वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळा कर आहे. तो टक्क्यांत नाही, रुपयांत आहे, त्यामुळे टक्क्यांच्या रकान्यात तो दिसतच नाही. राज्याचा कर लागण्याआधी, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि डीलरचं कमिशन धरून, लिटरची किंमत ८० रुपये आहे असं समजा. कर्नाटकाचा कर होतो २३ रुपये ८७ पैसे. महाराष्ट्राचे २० अधिक ५.१२, म्हणजे २५ रुपये १२ पैसे. ज्याचा रकाना बुटका त्याचाच कर सव्वा रुपयाने जास्त. टक्के सोडून रुपयांत आलेख काढला असता तर हे भांडण सुरूच झालं नसतं.

मी अमेरिकेत इंडियाना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात राहतो. इथूनही राज्याची हद्द जवळ आहे. पलीकडे इलिनॉय. तिथला इंधन कर १ जुलै २०१९ ला गॅलनला (सुमारे पावणेचार लिटरला) १९ सेंटवरून ३८ सेंट झाला, आणि तिकडची माणसं टाकी भरायला आमच्या बाजूला येतात, जशी आपल्याकडे चोर्ला घाटाने गोव्याला गेलेली गाडी परतताना तिथेच टाकी फुल्ल करते. त्यावरून इथे कुणी आपली ओळख ठरवत नाही. तो कराचा फरक आहे, एवढंच सगळे समजून असतात.

पण इथे भाव स्थिर नसतो, आणि तो का हलतो हे समजायला मला वेळ लागला. इथे पेट्रोलच उन्हाळ्याचं वेगळं आणि हिवाळ्याचं वेगळं असतं. हिवाळ्याच्या पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त मिसळतात. ते स्वस्त असतं आणि चटकन उडून जातं, त्यामुळे थंडीत इंजिन सुरू व्हायला बरं पडतं. तेच उन्हाळ्यात उडालं तर हवेत ओझोनचं धुरकं वाढवतं, म्हणून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपावर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या बाष्पदाबावर, म्हणजे ते किती चटकन उडतं त्यावर, कायद्याने मर्यादा आहे. उन्हाळी माल बनवायला जास्त खर्च येतो. वसंतात रिफायनऱ्या देखभालीसाठी काही काळ बंद ठेवतात, आणि मे अखेरीपासून लोक सुट्टीला लांब लांब गाड्या काढतात. हे सगळं एकत्र आलं की फेब्रुवारीनंतर भाव चढायला लागतो आणि शरदात उतरतो. मध्येच अपघात होतात ते वेगळेच. १ फेब्रुवारी २०२४ ला आमच्या जवळच्या व्हायटिंगच्या प्रचंड रिफायनरीची वीज गेली, कारखाना बंद पडला, आणि आसपासच्या राज्यांत भाव वर गेले.

हा ऋतू माहीत असलेल्या माणसाला आलेखातून हवं ते दाखवता येतं. जानेवारीत सुरू करून मे महिन्यात थांबवला तर जवळपास दरवर्षी महागाई दिसते, जूनपासून डिसेंबरपर्यंत काढला तर बहुतेकदा स्वस्ताई. डिसेंबर २०२१ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका प्रचारसमितीने अध्यक्ष बायडन यांचे आभार मानणारा आलेख काढला होता. त्यात रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आलेली. प्रत्यक्षात नोव्हेंबरात भाव उतरला होता गॅलनला ३.४० डॉलरवरून ३.३८ वर. दोन सेंट. उभा अक्ष शून्यापासून न धरता त्या दोन सेंटांपुरताच ताणलेला होता. आणि नोव्हेंबरात भाव तसाही उतरणीला लागलेला असतो.

याच्या उलट गोंधळ इथल्या सरकारी आकड्यांतही होतो, पण तिथे तो लपवलेला नसतो. मार्च २०२३ च्या महागाई अहवालात पेट्रोल ४.६ टक्क्यांनी उतरल्याचं म्हटलं होतं, आणि लगेच कंसात, हंगामी फरक न वगळता १ टक्क्याने वाढल्याचंही. मार्चमध्ये भाव साधारण जेवढा चढतो तेवढा चढला नाही, म्हणून हंगाम वगळल्यावर तो उतरला. पंपावर उभ्या माणसाला हे पटणं अवघड. तरी दोन्ही आकडे शेजारी छापलेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चिकोडी तालुक्यात माझ्या मामेभावाचा ट्रॅक्टर गाळप हंगामात ऊसवाहतुकीला असतो. दादाला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याने विचारलं, "तुमच्यात थंडीत पेट्रोल उतरतंय म्हणतोस, मग आमच्यात का उतरत नाही रे?"

दादाच्या प्रश्नाचं उत्तर निवडणुकांच्या तारखांत आहे. कागदावर आपल्याकडे पेट्रोल जून २०१० पासून आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ पासून नियंत्रणमुक्त आहे. १६ जून २०१७ पासून तर देशभर रोज भाव बदलायची पद्धत आली. प्रत्यक्षात कर्नाटक विधानसभेचं मतदान १२ मे २०१८ ला होतं, तेव्हा २४ एप्रिलपासून भाव जागचा हलला नाही आणि १४ मेला वाढायला लागला. नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ पर्यंत पुन्हा तसंच. मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होऊन १० मार्चला निकाल लागले होते. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची घोषणा व्हायच्या आदल्याच दिवशी दोन रुपये उतरले. निकाल ४ जूनला लागला आणि १५ जूनला कर्नाटकाने कर वाढवला: पेट्रोल आणि डिझेल दोन्ही साधारण ३ रुपयांनी. १ एप्रिल २०२५ ला डिझेल आणखी २ रुपयांनी चढलं. केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरा, वागणं सारखंच.

स्थिर भाव वाईट असं मी म्हणणार नाही. जून २०२२ मध्ये इथे गॅलन पाच डॉलरच्या वर गेला होता, आणि कमी पगारात रोज चाळीस-पन्नास मैल गाडी चालवणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. हंगाम सुरू होताना वाहतुकीचा हिशोब मांडणाऱ्या दादाला भाव न हलणं सोयीचंच आहे. माझा आक्षेप एवढाच की भाव बाजार ठरवतो असं सांगायचं आणि तारखा मात्र दुसऱ्याच कुणी ठरवायच्या, हे बरोबर नाही. पेट्रोलच्या आलेखावर निवडणुकांच्या उभ्या रेघा मारल्या तर ते शाळकरी पोरालाही दिसेल. तसा आलेख मला कुणी पाठवत नाही.

पाठवतात तो दुसराच. १० सप्टेंबर २०१८ ला, इंधन दरवाढीविरुद्ध भारत बंद होता त्या दिवशी, भाजपने दिल्लीच्या भावांचे चार रकाने प्रसिद्ध केले: मे २००४ मध्ये ३३.७१ रुपये, मे २००९ मध्ये ४०.६२, मे २०१४ मध्ये ७१.४१, आणि त्या दिवशी ८०.७३. शेवटचा रकाना तिसऱ्यापेक्षा बुटका काढलेला होता. वाढीचा वेग ७५.८ टक्क्यांवरून १३ वर आला, हा त्यांचा मुद्दा मांडण्याजोगा होता. पण मग वेगाचा आलेख काढायचा. भावाचे आकडे लिहून रकान्यांना वेगाची उंची देणं ही फसवणूक आहे. काँग्रेसने कच्च्या तेलाचे भाव जोडून उत्तर दिलं, आणि २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप त्यानंतर स्वस्त झालं होतं हे खरंच. मात्र त्याच काळात डॉलर साठीच्या आसपासहून ७२ रुपयांवर गेला होता, तेही धरायला हवं.

आम्ही बाहेर राहणारेही या गोंधळात भर घालतो. 'इथे पेट्रोल साडेतीन डॉलर' असं लिहितो आणि ते गॅलनला आहे हे सांगत नाही. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. डॉलर ८५ रुपये धरला तर लिटर ७९ रुपयांच्या घरात जातं. मग घरचे विचारतात, तुमच्याकडं एवढं स्वस्त कसं? इथल्या केंद्रीय कराचे १८.४ सेंट १९९३ पासून तसेच आहेत आणि आपल्याकडे किमतीचा मोठा हिस्सा कराचा आहे, हे सांगितल्याशिवाय ती तुलना करू नये.

माझी मागणी छोटी आहे. इथलं ऊर्जा खातं गॅलनच्या किमतीत कच्चं तेल किती, शुद्धीकरण किती, वाहतूक-वितरण किती, कर किती याची फोड दर महिन्याला देतं. आपल्याकडे तेल कंपन्या अशी फोड दिल्लीच्या भावाची देतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पंपावर ती लागायला हवी, कन्नडमध्ये आणि मराठीत: मूळ किंमत, केंद्राचं शुल्क, डीलर कमिशन, राज्याचा कर, सगळं रुपयांत. आपण मराठीत कागदपत्रं मागतो, त्यात हाही कागद मागावा.

त्या फलकावर आकड्यांशिवाय काही नको. २०२२ मध्ये इलिनॉयने इंधन करातली वाढ काही महिने पुढे ढकलली आणि तसं सांगणारी चिठ्ठी पंपांवर लावायला लावणारा कायदा केला, निवडणुकीच्याच वर्षी. पंपवाले कोर्टात गेले, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. आपल्या फलकावर कुठल्या मुख्यमंत्र्याचा फोटो नको की कुणाचे आभार नकोत. कर शेवटचा कधी बदलला त्याची तारीख मात्र हवी. आणि हे ऊसवाहतूक सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात झालं, तर दादासारख्यांना कारखान्याशी दर बोलताना त्याचा उपयोग होईल.