‘बॅटरीची मशीन आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

संत्र्याची तोडणी आटोपून सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या फांद्या, काढायचे दिवस आले की अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज व्हिडिओसकट फिरतो. मजकूर थोडक्यात असा: बॅटरीवर चालणाऱ्या मशीनला (ड्रिल, ग्राइंडर, छोटा चेन सॉ) करंट नसतो, म्हणून ती घरात कोणाच्याही हाती बिनधास्त द्या. ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, काढून लाकूड कापायचं पातं लावा, फांद्या सपासप निघतात. चार्जर बिघडला तर पिन बसेल तो लावा. रात्री लाइन असते, तेव्हा चार्जिंगला लावून झोपून जा.

बॅटरीची मशीन शेतकऱ्याच्या फार कामाची आहे, हे आधीच सांगतो. शेतातली लाइन मोजक्या तासांची, तीही कधी रात्रीची. अशात बांधावर, झाडावर, टिनाच्या छपरावर वायर न ओढता काम उरकतं, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच हा मेसेज वाचून मला राग येतो. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं.

‘करंट लागत नाही.’ बॅटरीचा नाही लागत, मान्य. अठरा व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे सेल पाच-पाचच्या रांगेत जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पाच मिळून २१. म्हणून तीच बॅटरी कोणी १८ म्हणून विकतो, कोणी २० तर कोणी २१. (स्वस्त मशीनवर ४८ आणि ८८ असेही आकडे छापलेले दिसतात. आत पाचची रांग असेल तर स्टिकर काहीही म्हणो, बॅटरी २१ च्या वर जात नाही.) पण भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट आहेत, त्यांचं काय? ड्रिलचा बिट त्या वायरला लागला तर बिट धरणाऱ्या चकमध्येसुद्धा करंट उतरतो, आणि त्याला हात लागला की झटका बसतो. मशीन कशावर चालते याचा तिथे काही संबंध उरत नाही. लाइन गेलेली असताना लोक निर्धास्त भोक पाडतात, आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. आधी मेन स्विच पाडा. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर आहेच असं धरून चाला.

‘कोणाच्याही हाती द्या.’ माझा खरा विरोध इथे आहे. वायरवाल्या मशीनचा प्लग उपसला की ती बंद, हे पोरालाही दिसतं. बॅटरीच्या मशीनला असा उपसायला प्लगच नाही. बॅटरी आत आहे तोवर ती पोत्यात, डिक्कीत, खाटेखाली कुठेही असली तरी सुरू व्हायला तयार असते. झाडावरचं दृश्य आठवा. छोट्या चेन सॉची, म्हणजे साखळीच्या करवतीची, साखळी ढिली होते. माणूस दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, बसल्या बसल्या मशीन मांडीवर घेतो, डाव्या हाताने साखळी ती जिच्यावरून फिरते त्या पट्टीवर ओढून बसवतो आणि उजवा हात सवयीने मुठीवरच असतो. बोट बटणापासून एका पेराच्या अंतरावर. सेफ्टीचं छोटं बटण बऱ्याच जणांनी चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं असतं, ‘सारखं कोण दाबत बसेल’ म्हणून. साखळी, पातं, डिस्क, बिट यांपैकी कशालाही हात लावायचा तर आधी बॅटरी काढायची. काम थांबलं, खाली उतरलो, चहा आला, तरीही काढायची. काढलेली बॅटरी किल्ल्या, खिळे, नाणी असलेल्या खिशात टाकू नका. लोखंड दोन्ही टोकांना टेकलं की शॉर्ट होऊन खिशातच भाजतं.

‘गार्ड काढा, लाकडाचं पातं लावा.’ बॅटरीचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण साडेआठ हजार फेरे घेतो, काही त्याहून जास्त. १०० मिलिमीटरच्या डिस्कची कड तेवढ्या फेऱ्यांत ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने धावते. डिस्क फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो आणि वाटेत फक्त गार्ड असतो. दातऱ्या पात्याची गोष्ट याहून वाईट. ओली फांदी खालून कापताना ती स्वतःच्या वजनाने झुकते, काप मिटतो, दात लाकडात रुततात आणि मशीन उलटी उसळते. तिच्या वाटेत मान असते नाही तर मांडी. ग्राइंडरला दातरं पातं लावू नका असं त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्यासोबतच फेकली जाते.

सल काढायला सिकेटर (छाटणीची कात्री) आणि हातकरवत आहे. जाड फांदीला चेन सॉ घ्या, पण आधी खालून थोडा काप, मग वरून. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, तो लागला की सॉ अंगावर उसळतो. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापणं व्हिडिओत सोपं दिसतं. फांदी धरलेला तो हात सॉच्याच वाटेत असतो.

ग्राइंडरची डिस्क घेताना मधली धातूची कडी पाहा. तिच्यावर मुदत छापलेली असते, बनवल्यापासून बहुधा तीन वर्षं. डिस्कवर छापलेले जास्तीत जास्त फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर घेऊ नका. गळ्यातला दुपट्टा, पदर, ढिले हातमोजे फिरत्या मशीनजवळ नकोत. डोळ्यांना उन्हाचा गॉगल चालत नाही, बाजूने बंद असलेला चष्मा लागतो. कण गेलाच तर डोळा चोळू नका, आणि काडीने कण काढून देणाऱ्याकडे जाऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांत गंज सोडतो. डॉक्टरच हवा.

‘कोणताही चार्जर चालतो.’ फवारणीच्या पंपात बहुधा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. तिचा चार्जर जेमतेम १४-१५ व्होल्ट देतो, त्यावर मशीनची ही १८ व्होल्टची बॅटरी भरतच नाही. मग माणूस २४ व्होल्टवाला शोधून आणतो. शिशाच्या बॅटरीसाठीचा तो चार्जर २८ च्या पुढे जातो. पाच सेलांत वाटून पाहा: प्रत्येकाला साडेपाचच्या वर, आणि त्याची मर्यादा ४.२. चांगल्या बॅटरीत जादा व्होल्ट आले की चार्जिंग तोडणारं सर्किट असतं. स्वस्तात सेल बदलून आणलेल्या बॅटरीत ते शाबूत असेल याची हमी कोण देणार? जादा भरलेला सेल फुगतो, तापतो, वायू सोडतो आणि पेटतो. एक पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचाही पेटतो.

‘रात्री लावून झोपा.’ आपल्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरलेला असतो, अर्ध्या खोलीत आढ्यापर्यंत. चार्जिंगचा बोर्डही बहुतेक वेळा त्याच खोलीत. जागेपणी, डोळ्यांसमोर, फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर चार्ज करा. बहुतेक पुस्तिकांत चार्जिंगसाठी ४० अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो. टिनाखाली तर त्याहून जास्त. तेव्हा पहाटेचा वेळ बरा. उन्हातून आणलेली बॅटरी आधी सावलीत गार होऊ द्या.

पेटलीच तर माणसं बाहेर काढा, धूर छातीत घेऊ नका, तो विषारी असतो. जमलं तर मेन स्विच पाडा आणि मग दुरून भरपूर पाणी मारत राहा. सेल थंड झाले नाहीत तर विझल्यासारखी दिसलेली बॅटरी पुन्हा भडकते.

ग्राइंडरच्या ठिणग्यांनीही अशीच आग लागते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमात अशा कामाच्या ३५ फुटांच्या आत जळणारं काही नको, असं आहे. कोठ्यात (गोठ्यात) कुटाराशेजारी, म्हणजे कोरड्या चाऱ्याशेजारी, गेट कापायला बसू नका, मशीन बाहेर अंगणात न्या. काम संपल्यावरही तासभर कोणीतरी तिथे लक्ष ठेवा. कुटारात शिरलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसते.

आणि फुगलेली बॅटरी टोचून, दाबून पाहू नका. उकिरड्यावरही नको, तिथे कचऱ्यासोबत ती पेटवली जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. तिच्या पत्र्याच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि जिथून घेतली त्याच दुकानात परत द्या.