क्रूझ उलटणार नाहीये मावशी, आणि ड्रिल तर अजिबात चुकवू नकोस

आमच्या मावशीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझ बुक केली, काकांना न सांगता, स्वतःची एफडी मोडून. आणि परवा रात्री साडेअकराला तिचा फोन, "अगं, कॅन्सल केली तर किती पैसे कापतील गं?" कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. 'मर्चंट नेव्हीतल्या निवृत्त कॅप्टनचा इशारा', वर लाल दिवे, खाली 'पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'. कॅप्टनचं नाव नाही, बोटीचं नाव नाही. हाच मेसेज मला आधी दोन ग्रुपवर आलेला आणि मी सोडून दिलेला. आता घरातच शिरलाय तर सोडत नाही.

मी कॅप्टन नाही हे आधीच सांगते. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग ऑफिसात बारा वर्षं कागद सरकवलेत, तेवढंच माझं दर्यावर्दीपण.

पहिला मुद्दा, 'क्रूझ टायटॅनिकच्या पाचपट जड असते पण पाण्याखाली टायटॅनिकपेक्षाही कमी असते, एक मोठी लाट आली की आडवी'. पाचपटचा आकडा कुठून आला ते कळतं. आयकॉन ऑफ द सीज या आजच्या अवाढव्य क्रूझचं ग्रॉस टनेज २,४८,६६३, टायटॅनिकचं ४६,३२८. पण ग्रॉस टनेज म्हणजे वजन नाहीच हो, ते बोटीच्या आतल्या जागेचं माप आहे. फ्लॅटचा कार्पेट एरिया सांगितल्यावर कुणी "अरे बापरे, इतके किलो?" म्हणावं तसं झालं हे. पाण्याखाली कमी असते हे मात्र खरंय, टायटॅनिक साधारण साडेदहा मीटर पाण्यात असायची, आयकॉन नऊच्या थोडी वर. पण टायटॅनिकची रुंदी २८ मीटर आणि आयकॉनची पाण्याच्या रेषेत ४८च्या आसपास, ते का नाही सांगत? शिवाय इंजिनं, इंधनाच्या टाक्या, तोल राखायला भरलेलं बॅलास्टचं पाणी हे सगळं जड सामान तळाला आणि वर दिसतात त्या केबिन त्यामानाने हलक्या. बादलीत उभा पेला सोडून बघा आणि परात सोडून बघा, कोण आधी कलंडतं ते.

मग म्हणे 'टायटॅनिकनंतर लायनर बदनाम झाल्या म्हणून कंपन्यांनी नाव बदलून क्रूझ केलं'. काहीही! टायटॅनिक बुडाली १९१२ला, त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं लायनर जोरात चालू होत्या, एसएस युनायटेड स्टेट्स या लायनरने १९५२मध्ये ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक पार केला तो काय बदनामीच्या काळात? लायनर म्हणजे टपाल आणि माणसं घेऊन ठरल्या दिवशी पोचायला बांधील असलेली बोट, वादळ असो नसो. आपल्या बॅलार्ड पिअरला पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या मेल बोटी लागायच्या, १९३१ला गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले ते राजपुताना बोटीने, हौस म्हणून नाही, दुसरा सोयीचा मार्गच नव्हता म्हणून. मग ८ जून १९४८ला एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून लंडनला उडालं, १९५८ला अटलांटिकवर जेट आली आणि लायनरचा धंदा बसला. तिला मारलं विमानाने, टायटॅनिकने नाही. आज खऱ्या अर्थाने लायनर म्हणावी अशी एकच फिरतेय, क्वीन मेरी २. क्रूझला कुठेच वेळेत पोचायची घाई नाही, पुढे वादळ दिसलं तर ती सरळ बंदर गाळते, वळसा घालते.

'आजही लाइफबोटी निम्म्याच लोकांना पुरतात' हा अर्धा, नाही, पावच खरा. सगळे जण लाइफबोटीत नाही मावत हे मान्य. आंतरराष्ट्रीय नियम असा की किमान ७५ टक्के लोकांना लाइफबोटी, उरलेल्यांना फुगणारे राफ्ट, आणि वर २५ टक्के राफ्ट जादा. म्हणजे १०० माणसांमागे १२५ जागा. टायटॅनिकवर साधारण २,२०० माणसांमागे १,१७८ होत्या आणि तेव्हाच्या कायद्याने त्याही जास्तच होत्या, तिथूनच तर हे सगळे नियम सुरू झाले.

आता ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं तो मुद्दा, सेफ्टी ड्रिलचा, म्हणजे संकटात कुठे जायचं, काय करायचं याच्या तालमीचा. 'सेफ्टी ड्रिल हा देखावा आहे, जाऊ नका. बोट बुडायला लागली तर कर्मचाऱ्यांचं ऐकू नका, लाइफजॅकेट घालून लगेच उडी मारा, नाहीतर बोटीच्या भोवऱ्यात ओढले जाल.' हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा, तू कुणाचा जीव वाचवतोयस? टायटॅनिकचा मुख्य बेकर, चार्ल्स जॉगिन, बोटीच्या मागच्या टोकावर शेवटपर्यंत उभा होता आणि बोट खाली गेली तेव्हा तिथून पाण्यात उतरला, चौकशीत त्याने साक्ष दिली की डोकंसुद्धा धड भिजलं नाही. कसला भोवरा! पाण्यात पडलेले बहुतेक लोक गेले ते गारठून, पाणी शून्याच्या खाली होतं. आणि आठ-दहा मजल्यांवरून जॅकेट घालून उडी मारलीत तर पाण्यावर आदळताना तेच जॅकेट हनुवटीला असं हिसकेल की मान जाईल. शिवाय त्या १,१७८ जागांपैकी भरल्या सातशेच्या आसपास, पहिल्या लाइफबोटीत ६५ जागा असून २८ जण गेले. लोकांना काय करायचं, कुठे जायचं हेच माहीत नव्हतं.

शंभर वर्षांनी तेच. १३ जानेवारी २०१२, कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ, इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ. इटलीच्या सरकारी चौकशीचा अहवाल आहे, ज्याला हौस असेल त्याने वाचावा. त्या संध्याकाळी चिविटावेकिया बंदरात सातशेच्या आसपास प्रवासी चढले, त्यांचं ड्रिल झालंच नव्हतं कारण तेव्हा २४ तासांत कधीही घेतलं तरी चालायचं. रात्री पावणेदहाच्या सुमारास बोट खडकाला घासली आणि बोट सोडायचा हुकूम निघाला तो तासाभराने. ३२ माणसं गेली. हो, ती आडवी झाली, पण लाटेने नाही, खडकाने पोट ५३ मीटर फाडल्यावर. कॅप्टन प्रवाशांआधी उतरला हे फॉरवर्डमध्ये आहे आणि ते खरं आहे, १६ वर्षांची शिक्षा झाली त्याला. पण त्यावरून 'तुम्हीही आधीच उडी मारा' हे कसं काय निघालं? त्यानंतर नियम बदलला, आता ड्रिल बोट सुटायच्या आधी नाहीतर सुटल्या सुटल्या. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, हजर. मस्टर म्हणजे आपलं ऑफिसातलं हजेरीचं मस्टर, तेच. मावशी, काकांना ओढत ने, ते बुफेच्या लाइनमध्ये उभे राहतील.

बाकीचं पटकन. बोटीवर शवागार असतं? असतं, हजारो म्हातारीकोतारी माणसं आठवडाभर राहतात, लागतंच. आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये मढी ठेवतात ही मात्र शुद्ध भंकस. मैला समुद्रात सोडतात? किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, बोट चालती असताना, नियम परवानगी देतो, मलाही ते आवडत नाही. साथ पसरते? पसरते, २०२०ला डायमंड प्रिन्सेस या क्रूझवर ३,७११ पैकी ७१२ जणांना कोविड झाला होता. हात धुवा.

आणि शेवटी 'रामदास विसरलात का?' असं लिहून फोटो. हे मला लागलं, कारण आमचं आजोळ अलिबागकडचं आणि आजीने त्यानंतर मरेपर्यंत लाँचमध्ये पाय ठेवला नाही. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली भरगच्च बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ते भय घेऊन क्रूझला चिकटवायचं? आज त्याच पाण्यातली गेटवे-मांडवा बोट पावसाळ्यात बंद ठेवतात ती उगाच नाही. आणि हेच फॉरवर्डवाले लोक एलिफंटाच्या लाँचमध्ये जॅकेट पायाखाली सरकवून सेल्फी काढतात.

मावशीने अजून कॅन्सल केलेलं नाही. हे सगळं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण मला बोट लागते त्याचं काय?" तर बोटीच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन घे, हेलकावा तिथे सगळ्यात कमी. तिने घेतलीये वरची, अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली. काकांसाठी सरप्राइज म्हणून.