विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी विचारायला माणूस हवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की बोलणं इमारत आणि आकड्यांवर येऊन थांबतं. एवढे लाख ग्रंथ, एवढी बसायची सोय, एवढ्या डेटाबेसची वर्गणी. विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार असली की हेच आकडे फायलीत लागतात. माझं म्हणणं असं आहे की हे सगळं असूनही ग्रंथालय विद्यार्थ्यासाठी बंदच राहू शकतं. आत आलेल्या पोराला "तुझा विषय काय, नेमकं काय शोधतोयस?" असं विचारणारं तिथं कुणी नसेल तर ते बंदच आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. एम.ए.ची मुलं लघुप्रबंधासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवते आणि ती तिथून काय घेऊन येतात ते बघते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पैशाचं बोलू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला, म्हणजे सगळ्या सरकारी संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याला, मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक, संशोधक. ज्या लेखासाठी पूर्वी डॉलरमध्ये पैसे मागितले जायचे, तो आता राज्य विद्यापीठातल्या मुलीला एक पैसा न देता उघडता येतो. माझ्या विद्यार्थिदशेत हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. या योजनेचं मी मनापासून स्वागत करते.

पण ती मुलगी तो लेख खरंच उघडते का? कॅम्पसवरच्या नेटवर लेख दिसतो, हॉस्टेलबाहेरच्या खोलीवर गेलं की तीच साइट पैसे मागते. मग ती समजते की हे आपल्यासाठी नाही. घरून लेख वाचण्यासाठी ‘इन्फेड’ नावाची सोय आहे, तिचं लॉगिन आपल्याच ग्रंथालयातून मिळतं, हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं. वेबसाइटवर कुठल्यातरी कोपऱ्यात ती लिंक असते. लिंक टाकली म्हणजे सेवा दिली असं आपण धरून चालतो.

आता अभ्यासिका. सकाळी दार उघडायच्या आधी रांग, बॅग ठेवून अडवलेल्या खुर्च्या, रात्री उशिरापर्यंत तुडुंब भरलेला हॉल. ही मुलं बहुतांश एमपीएससी, यूपीएससी, नेट-सेटची असतात आणि स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसतात. "यांना बाहेर काढा, ग्रंथालय संशोधनासाठी आहे" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका खोलीत चौघं-पाचजण राहणाऱ्या पोराला पंखा, उजेड, पाणी आणि शांतता मिळणारी ती एकच जागा असते. ती त्याच्या हक्काचीच आहे. मात्र हॉल भरला म्हणजे ग्रंथालय वापरलं गेलं, असा हिशेब प्रशासनाने मांडू नये. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नियतकालिकांचे बांधीव खंड वर्षानुवर्षं कुणी हलवलेले नसतात. अभ्यासिकेतल्या शेकडो मुलांपैकी कितीजण त्या मजल्यावर गेलेत? जावं असं त्यांना कधी कुणी सुचवलंय का?

सुचवणं हीसुद्धा ग्रंथालयाची सेवा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन शिकून आले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. बी.लिब.च्या परीक्षेला ही सूत्रं सगळ्यांची तोंडपाठ असतात. यातलं तिसरं सूत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फडताळातलं पुस्तक स्वतःहून वाचकापर्यंत जात नाही. कुणीतरी दोघांची गाठ घालून द्यावी लागते, आणि ते काम संदर्भ विभागातल्या माणसाचं.

एक उदाहरण देते. समजा एखाद्या मुलीला आपल्या तालुक्यातला १९७२ चा दुष्काळ आणि तेव्हाची रोजगार हमीची कामं यावर लिहायचंय. विषय सुरेख आहे. आजीनं खडी फोडलेली असते, सुकडी खाल्लेली असते, गावचा पाझर तलाव त्याच वेळचा असतो. ही मुलगी एकटी गुगल करते आणि तिला मिळतात तीच ती सरकारी योजनेची माहिती देणारी दहा पानं. प्रबंध तयार होतो, पण त्यात तिचं गाव कुठेच नसतं.

आता तीच मुलगी जाणत्या ग्रंथपालासमोर बसली तर काय होतं बघा. तो तिला आधी १९७१ आणि १९८१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका काढून देईल. त्यात तिच्या गावाचं नाव असतं, लोकसंख्या असते, शेतमजूर किती ते असतं. मग गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. मग रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे दुष्काळातली कामं कायद्याच्या आधीची, हे तिच्या ध्यानात आणून देईल. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे सत्तरच्या दशकातले अंक कुठं लावलेत ते दाखवेल. अर्थशास्त्र विभागात या विषयावर आधी झालेले प्रबंध शोधून देईल. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली कुठं बघायला मिळतात ते सांगेल आणि शेवटी म्हणेल, "पुण्यात आहेसच तर गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एक चक्कर टाक, चिठ्ठी देतो." हे सगळं सांगायला त्याला तास-दीड तास लागेल. पण त्यानंतर त्या मुलीचा प्रबंध तिच्या गावाचा होतो.

अशी माणसं मी पाहिली आहेत. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचं नाव आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं. अशा ठिकाणी शिकून गेलेली कितीतरी माणसं आजही एखाद्या ग्रंथपालाचं नाव गुरूचं घ्यावं तसं घेतात. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ती पिढी निवृत्त झाली आणि तिच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. कुठे प्रभारी, कुठे कंत्राटी, कुठे एकाच माणसाकडे देवघेव, खरेदी, नॅकची फाइल आणि साहित्यचौर्य तपासणी. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार प्रबंधाची साम्यता तपासणं बंधनकारक झालं, ते योग्यच झालं. पण आता संशोधक विद्यार्थी ग्रंथपालाला पहिल्यांदा भेटतो तो प्रबंध लिहून झाल्यावर, टक्केवारीच्या दाखल्यासाठी. विषय ठरतो तेव्हाच ही भेट व्हायला हवी.

मराठीतून काम करणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ शोधायची तर डी-एन-वाय लिहायचं, जे-एन लिहायचं की जी-वाय? तीन नोंदणीकारांनी तीन तऱ्हांनी टाकलेलं असतं. मुलगा एक स्पेलिंग टाकतो, ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं येतं आणि पुस्तक समोरच्याच रॅकमध्ये असताना तो परत जातो. देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा असलेल्या ‘शोधगंगे’वरही असंच. २००९ च्या यूजीसी नियमांमुळे प्रबंधांच्या डिजिटल प्रती जमा होऊ लागल्या आणि आज तिथं लाखो प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. लॉगिनसुद्धा लागत नाही. पण मराठी प्रबंधांतले कितीतरी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसतेच स्कॅन करून चढवलेले आहेत. त्यामुळे आतल्या मजकुरात शोध घेता येत नाही. एखाद्या शाहिरावर, एखाद्या गावच्या यात्रेवर कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून लिहिलेलं असतं आणि पुढच्या संशोधकाला त्याचा पत्ताच लागत नाही. शं. ग. दाते यांनी संगणक नसताना १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकेक पुस्तक हाताळून तयार केली. आज आपल्या हाताशी यंत्रं आहेत, तर निदान देवनागरीत नोंदी तरी व्हायला हव्यात. यासाठी ६००० कोटी लागत नाहीत. मराठी नीट वाचता येणारी, नोंदणीचं शिक्षण घेतलेली काही माणसं आणि दोन-तीन वर्षं लागतात.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा मुद्दा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग वाचकासाठी त्याला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करायला परवानगी देतो. दृष्टिहीनांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय, ‘सुगम्य पुस्तकालय’, २०१६ पासून सुरू आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर मोफत आहे. म्हणजे कायदा आहे, करार आहे, साधनंही आहेत. तरी एखाद्या अंध मुलानं पाठ्यपुस्तक स्कॅन करून मागितलं की "कॉपीराइटचा प्रश्न येईल" म्हणून त्याला परत पाठवलं जातं. मग त्याचा मित्र रात्री मोबाइलवर धडे वाचून रेकॉर्ड करून देतो. त्या मित्राचं कौतुक आहेच, पण ते काम ग्रंथालयाचं आहे. प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयात ही मागणी घेणारा एक ठरलेला माणूस असावा आणि पुस्तक किती दिवसांत मिळेल ते लेखी सांगितलं जावं.

आणि कार्यक्रम! १२ ऑगस्टला रंगनाथन जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रतिमेला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, टेबलावर मांडलेली पुस्तकं, फोटो, अहवाल. हे बंद करा असं मी म्हणत नाही. पुस्तकांच्या टेबलाभोवती मुलं थोडा वेळ का होईना रेंगाळतात, तेही चांगलंच. पण त्याच दिवशी पंधरा-पंधरा मुलांचे गट करून त्यांना आतल्या मांडणीतून फिरवा ना. पुस्तकाची जागा सांगणारा वर्गांक कसा वाचायचा, दाते सूची कशी वापरायची, शोधगंगेवर मार्गदर्शकाच्या नावाने प्रबंध कसा काढायचा, इन्फेडचं लॉगिन तिथल्या तिथं कसं करून घ्यायचं, दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक आंतरग्रंथालय देवघेवीतून कसं मागवायचं. हे मराठीतून शिकवा. एखादा जुना बांधीव खंड मुलांच्या हातात द्या. त्या कागदाचा वास एकदा नाकात गेला की काही मुलं पुन्हा येतात, हे मी माझ्या वर्गात बघितलंय.

आमच्यासारख्या बाहेरच्या वाचकांबद्दलही थोडं. तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक, निवृत्त माणूस, अनुवादक, गावाचा इतिहास लिहिणारा शेतकरी, यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचायला मिळालं पाहिजे. अनामत घ्या, ओळखपत्र बघा, पुस्तक घरी देऊ नका, चालेल. पण "तुम्ही आमचे विद्यार्थी नाही" हे उत्तर नको. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं, खेड्यापर्यंत फिरत्या पेट्या पाठवल्या. ही ग्रंथालयं कुठल्या पदवीसाठी नव्हती, रयतेसाठी होती. विद्यापीठंही जनतेच्याच पैशावर उभी आहेत.

माझी मागणी मोठी नाही. कुलगुरूंनी आणि शासनाने संदर्भ सेवेची पदं कायमस्वरूपी भरावीत आणि त्या माणसाला दुसरी कुठलीही फाइल देऊ नये. विभागप्रमुखांनी एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातले दोन तास ग्रंथालयासाठी राखून वेळापत्रकात घालावेत. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी अभ्यासिकेत जागा मिळाली की बॅग तिथं ठेवा, संदर्भ विभागात जा आणि तुमचा विषय सांगा. टेबलापाशी कुणी नसेल तर तसा लेखी अर्ज ग्रंथपालांच्या नावे द्या, पोच घ्या आणि त्याची एक प्रत कुलसचिवांना पाठवा.